आठ गावांची शाल

"शाल," साहेब ओठ न हलवता म्हणाले.

आरती पुढं झाली. म्हातारा अजून मोबाइलकडं बघून हसत होता. फोटो कधीच निघाला होता, पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"बाबा, लई ऊन हाय. उकडत असंल तुमाला. द्या इकडं."

म्हाताऱ्यानं मान झुकवली. शाल निघाली, तिची घडी झाली, ती पिशवीत गेली. पिशवी जीपमध्ये गेली. जीप गेली.

हे पाचवं गाव.

आता पहिल्या गावाकडं वळू, कारण या कलेचा उगम तिथं आहे.

किनवटकडच्या आठ आदिवासी गावांशी शासनाला 'हवामान भागीदारी' करायची होती. भागीदारी म्हणजे एक सतरंजी, एक फलक, साहेबांचं भाषण, गावातल्या कुणाचा तरी सत्कार आणि सगळ्यांनी हात वर करून काढलेला फोटो. सत्कार म्हटलं की शाल आलीच. माणसं उन्हानं मरायला लागली म्हणून आखलेली योजना, आणि तिच्यात भर मे महिन्यात माणसाच्या खांद्यावर लोकर टाकायची! ज्या डोक्यातून हे निघालं, त्याचाच आधी सत्कार व्हायला हवा होता. मंजूर शाली आठ. आलेली एक. बाकीच्या कुठं गेल्या, हे विचारायला कुणी आरतीसारखी प्रशिक्षणार्थी ठेवत नाही.

पहिल्या गावात साहेबांनी ती सरळ ओढली. सत्कारमूर्ती दचकला, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्या गावाच्या वाटेवर आरतीनं ते वाक्य शोधून काढलं. उकडत असेल, द्या इकडं. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणात तिनं स्वतःच्या डोक्यानं केलेली ही एवढीच गोष्ट. साहेब खूष झाले.

"कामाची आहेस. आठही गावं बिनबोभाट होऊ देत, समन्वयकाची जागा तुझीच."

"म्याडम," ड्रायव्हर कलीम म्हणाला, "ये शाल नै, किराये की शेरवानी है. नवरदेव बदलते, शेरवानी वोइच."

आरती हसली. पोट धरून हसली. हे इथं सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढं ती फार सोज्वळ वाटायची.

जागा. लातूरला तिचे वडील, नावानंच श्रीमंत, रोज संध्याकाळी फोन करून एवढंच विचारत. "जागेचं काय म्हणले साहेब?" ते शाळेत शिपाई होते. निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल त्यांनी अजून प्लास्टिकच्या पिशवीसकट कपाटाच्या काचेमागं ठेवली आहे. पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी ती दाखवतात. आरती म्हणे, "चाललंय चांगलं, अण्णा." शालीचं काही बोलत नसे.

सहावं आणि सातवं गाव गाळतो. उकडत असेल, द्या इकडं.

आठवं गाव मोहदरा, आंध आदिवासींची वस्ती. सत्कारमूर्ती नागुबाई. गेल्या मे महिन्यात तिचा नवरा तेंदूपत्त्याचे पुडे मोजून द्यायच्या रांगेत कोसळला तो उठलाच नाही. म्हणून फलकावर तिच्या नावाखाली 'हवामान योद्धा' असं छापलं होतं. नवरा उन्हानं गेला की बाई योद्धा होते, सोपं आहे.

"तुम्ही निसर्गाची लेकरं," साहेब भाषणात म्हणाले आणि आपल्या डोक्यावर छत्री धरायला त्यांनी ग्रामसेवकाला खुणावलं.

नागुबाई उठली. "सायेब, एक बोलू का?"

"बोला की! भागीदारी आहे आपली."

"पत्ता मोजायच्या जागी चार बल्ल्या रोवून मांडव टाका. निस्ता सावलीपुरता. बाकी काय बी नगं."

"वर कळवू आपण."

"गेल्या साली बी कळवलं व्हतं. माझा माणूस वर जाऊन पोचला सायेब, तुमचं कळवणं काय पोचलं न्हाई."

बायका हसल्या. साहेबही हसले, कारण फोटो राहिला होता. मग शाल, टाळ्या, फोटो.

"शाल," साहेब ओठ न हलवता म्हणाले.

"मावशी, उकडत असंल तुमाला. द्या..."

नागुबाईनं शालीची टोकं मुठीत धरली.

"मढ्यावरची काढत्यात बाई, जित्या माणसाची न्हाई. माझ्या माणसाच्या अंगावरची मीच काढली व्हती, मातीत ठेवायच्या आधी. तू कुणाची काढून राहिलीस?"

आरतीचा हात शालीवर तसाच होता. तिच्या जागेची गाठ त्याच काठाला होती. ओढली तर आली, सोडली तर गेली.

तिनं ओढली. हलकेच ओढली, पण ओढली.

नागुबाईनं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही, बाजारात किडकं वांगं उलटून बघून परत ठेवतात तसं. मग तिनं आपणच शाल काढली, झटकली आणि आरतीच्या खांद्यांवर घातली. दोन्ही टोकं पुढं घेऊन नीट बसवली.

"घे. उन्हातान्हाची हिंडून राहिलीस यांच्या मागं. तुझा सत्कार कुणी केलाच नसंल." ती बायकांकडं वळली. "वाजवा गं टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. मघापेक्षा जोरात.

जीपमध्ये साहेबांनी पुढच्या सीटवरून हात मागं केला. "आण ती. उद्या नांदेडला मोठा कार्यक्रम आहे, तिथं लागेल."

एसी बंद पडून महिना झाला होता. लोकर मानेला टोचत होती, घाम पाठीवरून खाली चालला होता.

"आरती. शाल."

"उकडत नाही मला, सर."

"काय?"

"नाही उकडत."

साहेबांनी हात मागं घेतला. मग त्यांनी मोबाइल काढला आणि कुणाचा तरी नंबर शोधायला लागला. कलीमनं आरशातून मागं पाहिलं.

आरतीचा फोन वाजायला लागला. अण्णा. तो वाजत राहिला. शालीचं एक टोक दारात अडकून बाहेर राहिलं होतं, ते किनवटपर्यंत धूळ खात आलं.