हळदीआधी बसवलेले दात

माझे दात काळे होते, हे मला ठाऊक होतं. जन्मभर सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतेय, तर ते काय चांदीचे होणार? पण टोकावड्यात माझ्या वयाच्या सगळ्याच बायांचे दात तसले, मग कोण कोणाला बोलणार. बोलणं सुरू झालं ते लग्नांचे व्हिडिओ निघायला लागल्यापासून.

मी लग्नात धवले गाते. हळदीच्या दिवशी देवांना, गावदेवीला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाच्या नावानं मांडवात बोलवायचं, आणि नवरीला हळद लागून होईपर्यंत गळा थांबवायचा नाय, हे माझं काम. आईकडून आलं. भटजी उशिरा आला तर लोकं चहा पितात. मी उशिरा गेले तर नवरीची आई रडायला लागते.

तर माघात माझा भाचा रितेश, म्हणजे माझ्या भावाचा, कुंडलिकचा मुलगा, यानं गावातल्या एका हळदीचा व्हिडिओ टीव्हीवर लावला. कॅमेरावाला माझ्या तोंडाच्या एवढा जवळ आला होता, की घसा तपासायला आलाय असं वाटावं. अख्ख्या टीव्हीभर माझे चार दात. कुंडलिक उठला आणि गुरांना पाणी दाखवायला गेला. गुरं केव्हाच पाणी पिऊन बसली होती.

मग रितेश बोलला, "आत्या, भावनाच्या हळदीला पण व्हिडिओ होणार. तिच्या सासरची लोकं भिवंडीकडची. त्यांना सगळं कसं नीट दिसायला पाहिजे. तू दात करून घे. नायतर सुंदराला गाऊ दे, तू मागं बसून तिला सांग."

सुंदरा आमच्या शेजारची सून. दात पांढरेशुभ्र. धवले मोबाइलमध्ये बघून गाते. मध्येच कोणाचा फोन आला की देव मांडवाच्या दारात ताटकळतात.

आणि भावना म्हणजे कुंडलिकची मुलगी, रितेशची धाकटी बहीण. तिची आई बुधी गेली तेव्हा ही पोर रांगत होती. मी त्याच साली सासर सोडून आले होते, तिला मीच वाढवली. तिला माझ्या मांडीवर झोपवताना मी धवलेच गायचे, कारण मला दुसरं काय येत नाय. आणि हिच्याच हळदीला मी मागं बसायचं? मी रितेशला बोलले, "चल. कुठं बसवतात ते दात?"

मुरबाडला एस्टी स्टँडच्या पलीकडं दवाखाना. डॉक्टरीण शहापूरची, माधुरी नावाची, वयानं भावनाएवढी. भावना पण आली होती, कल्याणच्या ऑफिसातून सुट्टी काढून. मला बरं वाटलं. पोरगी माझ्यासाठी आली, असं मला वाटलं.

आधी डॉक्टरणीनं मशीन लावून दात साफ केले. जन्मभराची मशेरी बेसिनमधून वाहून गेली, आणि मी बघत बसले. पण पुढचे चार दात झिजलेले आणि आतून तपकिरी निघाले. ती बोलली, "मावशी, यांच्यावर पातळ पापुद्रा बसवावा लागेल. व्हेनिअर म्हणतात. दोन प्रकार आहेत. एक कंपोझिटचा. मऊ लेप असतो, दातावर चढवायचा, आकार द्यायचा, निळ्या उजेडानं कडक करायचा. आजच्या आज होतो, दात फारसा घासावा लागत नाही. पण डाग धरतो, टवके उडतात, काही वर्षांनी परत करावा लागतो. दुसरा सिरॅमिकचा. माप घेऊन लॅबमध्ये पाठवतात, दोन आठवडे लागतात. डाग धरत नाही, खूप वर्षं टिकतो. पण त्यासाठी तुमचा दात वरून थोडा तासावा लागतो. आणि तासलेला भाग परत येत नाही."

मी बोलले, "म्हणजे एक सारवण आणि एक लादी."

डॉक्टरणीनं थोडा विचार केला. "हो. तसंच."

"सारवण फुटलं तर परत शेण कालवून बसता येतं. लादीला आधी जमीन उकरायची. मग लादी नाय आवडली, तरी जमीन गेली ती गेली."

रितेश बोलला, "आत्या, लादीच. घरात पण आपण लादीच बसवली ना."

"त्या लादीवरून तुझा बाप पावसाळ्यात दोनदा आपटला," मी बोलले.

मग डॉक्टरणीनं रंगाची पट्टी काढली. एका ओळीत नुसते दात, पांढऱ्यापासून पिवळटापर्यंत. रितेशनं पटकन टोकाचा दाखवला, बाथरूमच्या टाइल्ससारखा पांढराफेक. मी बोलले, "हा लावला तर लोकं म्हणतील, बाईनं कवळी बसवली. कवळीवालीचं गाणं कोण ऐकतं? सगळ्यांचं ध्यान कवळी कधी पडते तिकडं." मी आपला जुन्या तांदळाच्या रंगाचा पसंत केला. डॉक्टरीण बोलली, "तुमच्या वयाला हाच बरोबर आहे." रितेशला माझं वय आवडलं नाय.

पण दोन आठवड्यांत हळद आणि लग्न दोन्ही उरकणार होतं. म्हणजे लादी बाद. उरला लेप.

"लेप केला," डॉक्टरीण बोलली, "तर मशेरी कायमची बंद. चहा जपून. आणि हळद तर अजिबात नको. नवीन लेपाला हळद लागली की पिवळा डाग बसतो, तो घासून निघत नाही."

"बाय, मी हळदीलाच चाललेय," मी बोलले.

तिला आमच्याकडची हळद सांगावी लागली. आमच्यात हळद नवरीला लागते, आणि नवरीपेक्षा जास्त मांडवाला लागते. त्यात गाणारी बाई म्हणजे सगळ्यांना सोपी. ती तोंड उघडं ठेवून बसलेली असते, आणि तिला पळता येत नाय.

डॉक्टरीण बोलली, "हो, भावना मॅडमनी फोनवर विचारलं होतं ना. त्या म्हणाल्या की लग्नाच्या फोटोंपुरता लेप चालेल, हळदीला आत्या मागेच बसणार आहेत."

रितेश भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. भावना मोबाइल बघत होती, पण तिचा अंगठा हलत नव्हता.

मी विचारलं, "तुझ्या सासरची लोकं बोलली ना गो?"

"नाय आत्या," ती बोलली. "ते काय नाय बोलले. मलाच वाटलं. ऑफिसची सगळी येणार आहेत. ते व्हिडिओ बघतात, मग एकमेकांना पाठवतात." मग मोबाइल पर्समध्ये टाकून बोलली, "तुला हसले तर मला नाय आवडणार."

मला राग आला. खरं तर वाईट वाटलं, पण मला वाईट वाटलं की रागच येतो, लहानपणापासून तसंच आहे. वाटलं, उठावं आणि एस्टी पकडावी. न बसवता असेच ठेवले, आणि पुढं बसून गायले, तर कोण मला उठवतंय ते बघू. पण लग्न माझं नव्हतं. पोरीच्या एका दिवसात मला बघून तिची मान खाली जायची असेल, तर त्या गाण्याला काय चाटायचंय?

"लाव बाय लेप," मी डॉक्टरणीला बोलले.

हळदीच्या दिवशी मी मागं बसले, खांबाला टेकून, तोंडाला पदर लावून. येणारी प्रत्येक बाई विचारायची, "वत्सला, दाढ दुखते काय गो?" मी मान हलवायचे. आरशात दात खरंच चांगले दिसत होते. ते दाखवायला मात्र कोणी नव्हतं.

सुंदरा पुढं बसली. तिनं मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला आणि सुरुवात केली. गणपती आला, गावदेवी आली, खंडोबा आला. आवाज बरा होता, उगाच कशाला नावं ठेवू. कॅमेरावाला तिच्या तोंडाजवळ गेला. भावना पाटावर बसून कॅमेऱ्याकडं बघून हसत होती. तो सांगेल तशी मान वळवत होती.

मग घरातल्या गेलेल्यांची पाळी आली. सुंदरानं माझ्या आजाला बोलावलं, आजीला बोलावलं, माझ्या बापाला बोलावलं. ही नावं रितेशनं तिला लिहून पाठवली होती. त्यानं बापाला विचारून लिहिली, आणि कुंडलिकच्या तोंडातून बायकोचं नाव आजवर कधी निघालेलं नाय, मेल्यावर पण नाय. सुंदरा थेट हळदीच्या धवल्यावर आली. बायांनी हळदीत हात बुडवले.

बुधी बाहेरच राहिली.

मी सुंदराला हातानं खुणावलं. तिनं मला पाण्याचा तांब्या दिला. मी रितेशकडं बघितलं, तो कॅमेरावाल्याला जागा करून देत होता. भावनाचं हसू तसंच होतं, पण ते आता कोणासाठी नव्हतं. ती मांडवाच्या दाराकडं बघत होती. ही पोर माझ्या मांडीवर धवले ऐकत मोठी झाली. कोण यायचं राहिलं, ते तिला माझ्याइतकंच कळत होतं. आणि नवरीनं हळदीला बसल्यावर बोलायचं नसतं.

मी पदर बाजूला केला आणि बसल्या जागेवरून सुरुवात केली. बुधीला तिच्या नावानं बोलावलं, माहेरच्या गावाच्या नावानं बोलावलं, पोरीचं नाव घेऊन बोलावलं. ये बाय, तुझ्या लेकीला हळद लागतेय, पहिली हळद तुझ्या हाताची. सुंदरा गप्प झाली. तिचं एक मला आवडलं, लगेच गप्प झाली. बाजूला बसलेल्या बाईनं सवयीप्रमाणं हळदीची मूठ भरून माझ्या तोंडावर फिरवली. हळद दातांवर गेली, जिभेवर गेली. मी थुंकले पण नाय, कारण मध्ये थांबलं तर बोलावलेलं माणूस दारातून परत जातं.

कॅमेरावाला पळत माझ्याकडं आला. रितेश त्याला मागं खेचायला लागला. तेवढ्यात भावना पाटावरच फिरली. उठली नाय, बसल्या बसल्या अख्खी फिरली, आणि माझ्याकडं तोंड करून बसली. तिच्या गालावरची हळद ओली झाली होती. कॅमेरावाला ओरडत होता, "मॅडम, इकडं बघा, मॅडम, समोर बघा." तिनं बघितलं नाय. माझं गाऊन होईपर्यंत ती माझ्या तोंडाकडं बघत बसली.

आता तो व्हिडिओ तिच्या सासरी आहे, ऑफिसातल्या सगळ्यांनी बघितला. त्यात माझे चार दात हळदीनं पिवळे झालेले आहेत, अगदी जवळून. आणि नवरीची नुसती पाठ आहे. रितेश तेवढा भाग कापायला सांगत होता. भावना बोलली, बाकीचा कापा.