जुन्या कारागीर

ढब्ब्याला ढब्ब्या म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं, त्याची थोरली बहीण. बाकी सगळे शेठ म्हणत. म्हणणारच! बॅगा शिवायचा कारखाना, स्वतःचा बंगला, दारात गाडी. पण हे सगळं उभं राहिलं ते ताईच्या लग्नातल्या शिलाई मशीनवर. नवरा गेल्यावर ती मशीन घेऊन भावाकडे आली. पट्ट्याच्या जोडावर शिलाईची चौकट घालून आत फुली कशी मारायची, ते तिनंच त्याला कान पिळून शिकवलं. पट्टा तुटला की गिऱ्हाईक तुटलं, असं ती म्हणे. भागीदारीचं त्यानं एकदा काढलं, तेव्हा तिनं ते हसण्यावारी नेलं. आणि हा शहाणा परत विचारायला काही गेला नाही.

एक दिवस मोठा व्यापारी कारखाना बघायला आला. त्याची ऑर्डर मिळाली तर दुसरा कारखाना निघणार होता. मागे एका गिऱ्हाइकानं 'घरगुती कारभार दिसतोय' म्हणत नाक मुरडलं होतं, ते ढब्ब्याच्या डोक्यात घट्ट बसलेलं. व्यापारी हिंडत हिंडत नेमका ताईच्या मशीनपाशी थांबला. ती अनवाणी पायानं मशीन चालवत होती, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. ह्या कोण, म्हणून त्यानं विचारलं.

"जुन्या कारागीर आहेत," ढब्ब्या म्हणाला.

मशीनींचा एवढा खडखडाट, तरी ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं. ताईचा पाय जरा थांबला, मग शिलाई पुढे सरकली. ऑर्डर मिळाली.

संध्याकाळी तो ही खूशखबर घेऊन तिच्याकडे गेला, तर ती चक्क उठून उभी राहिली. काळा दोरा संपत आलाय शेठ, मागवून घ्या, म्हणाली. त्याला आधी चेष्टाच वाटली. पण ताईची चेष्टा म्हणजे पाठीत धपाटा, हे असलं नव्हे. घरी भाजी वाढतानाही तेच, अजून घेता का? त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती भांडली असती तर पाय धरून मोकळा झाला असता; मान देणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? शेवटी तो काकुळतीला आला. हव्या तेवढ्या शिव्या दे, पण अरे-तुरे कर, म्हणाला.

"कामावरच्या बाईनं मालकाला अरे-तुरे करू नये," ती म्हणाली. आवाजात रागाचा लवलेश नव्हता.

पहिला माल न्यायला व्यापारी आला, तेव्हा ढब्ब्यानं त्याला थेट ताईसमोर नेऊन उभं केलं.

"ही माझी सख्खी बहीण. त्या दिवशी मी खोटं बोललो. धंदा हिचा आहे, मी नुसता मिरवतोय."

व्यापाऱ्याला हसूच आलं. अहो, त्यात लपवायचं काय, म्हणाला. माझ्या दुकानात तर गल्ल्यावर आमची आईच बसते. म्हणजे ज्या ऑर्डरसाठी बहीण नाकारली, ती तशीही मिळणारच होती! ढब्ब्याला कुठे तोंड लपवू असं झालं. तरी त्यानं आशेनं ताईकडे पाहिलं.

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली आणि पुढचा पट्टा सुईखाली घेतला.