नंबराची घागर

मी एक जुनी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, घागर आहे आणि माझ्या बुडाला करंगळी जाईल एवढं छिद्र आहे. हे आधीच सांगते. नंतर कुणी म्हणायला नको की लपवलं.

मित्रांनो, सत्यभामाबाईंनी मला कळमनुरीच्या बाजारातून आणलं तेव्हा मी चांदीसारखी चमकत होते. हिंगोलीत रुळांपलीकडच्या आमच्या वस्तीला एकच नळ होता, आणि सिद्धेश्वर धरणाचं पाणी त्याला आठवड्यातून एकदा यायचं. नऊ वर्षं मी बाईंच्या डोक्यावर बसून पाणी वाहिलं. मग छिद्र पडलं. भंगारवाला मला उलटीसुलटी करून बघत होता, तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू दे. नंबराला कामी येईल."

तेव्हापासून मी रांगेत उभी. आदल्या दिवशीच मला नळाशी ठेवायचं आणि पाणी आलं की माझ्या जागी धड घागर. फुटकी घागर कुणी चोरत नाही, त्यामुळे या कामाला माझ्याइतकं लायक कुणी नव्हतं. रांगेत माणसं मात्र बरोबर ओळखू येतात. आम्ही खालच्या गल्लीतल्या. वरच्या गल्लीतल्या मिराबाई आभाळाकडे बघत बघत मला पायाने मागे सरकवायच्या. सत्यभामाबाई परत पुढे ठेवायच्या. दोघींचं बोलणं एवढंच.

यंदाच्या हिवाळ्यात एका संस्थेची पुनम नावाची मुलगी आली. म्हणाली, परवा घरं मोजणार. जेवढी घरं यादीत, तेवढ्यांच्या दारात नळ आणि संडास. सत्यभामाबाईंच्या सुनेला, राधिकाला, पाचवा महिना होता. डबा घेऊन रुळापर्यंत जाताना तिला दोनदा घेरी आली होती. तेव्हा बाईंनी पुनमला चहा पाजायला हवा होता. त्यांनी संशय घेतला.

"फुकट कोण देऊन राहिलं आजकाल? आज मोजणी, उद्या पाडणी. घागरी आत घ्या, दारं लावा!"

निरोप घरोघर गेला. मोजणीच्या दिवशी आम्ही सगळ्या घागरी अंधारात चिडीचूप बसलो. फक्त मिराबाई हलल्या नाहीत. "सत्यभामाबाई सांगून राहिली म्हंजे डाव हाय. मी घागर आत घेतली की तिचा नंबर पुढं!" त्या दारातच बसल्या. त्यांच्याकडे बघून शेजारच्या दहा घरांनीही दारं उघडी ठेवली.

यादीत वरच्या गल्लीतली तेवढी अकरा घरं लागली.

सत्यभामाबाई पुनमकडे धावल्या. "मावशी, मी बंद दारं कशी मोजू?" ती म्हणाली. "आता वस्तीनंच मोजून द्या. सगळ्यांच्या सह्या-अंगठे पाहिजेत. आणि एक जरी घर खोटं निघालं तर यादी रद्द."

पंचाईत अशी, की एकमेकांचा आकडा कुणी मानेना. वरचे म्हणत, खालचे शेळ्यांचे गोठे मोजतील. खालचे म्हणत, वरचे मेलेले सासरे मोजतील. शेवटी सत्यभामाबाईच बोलल्या, "मग वरच्यांनी खालचं मोजा, खालच्यांनी वरचं. मिराबाई, माझ्या दारात तुमीच या. तुमच्याइतकं बारीक कोण बघतं?"

"ही तारीफ हाय का टोमणा?"

"दोन्ही हाय."

ठरलं असं, की दर चुलीमागे एक घागर उंबऱ्यावर ठेवायची. आमच्या धड घागरी भरलेल्या होत्या, आणि भरलेली घागर बाहेर ठेवण्याइतका भरवसा वस्तीत कुणाचाच कुणावर नव्हता. म्हणून उंबऱ्यावर मी.

मिराबाईंनी मला उचललं, उजेडाकडे धरलं आणि छिद्रातून सत्यभामाबाईंकडे पाहिलं.

"ही फुटकी हाय. फुटकी धरायची न्हाई."

"घर मोजायलात का घागर?"

"घर तरी तुमचं कशावरून? कागद दावा."

कागद बाईंजवळ नव्हता. गल्लीत कुणाजवळच नव्हता. मिराबाई तिथे अडून बसल्या असत्या तर खालची बत्तीसच्या बत्तीस घरं कायमची यादीबाहेर गेली असती. तेवढ्यात भिंतीला धरत राधिका बाहेर आली. हातात डबा.

"भर दुपारची? काहून?" मिराबाईंनी विचारलं.

"सकाळधरनं थांबले होते, मावशी. आता थांबवेना."

मिराबाई डब्याकडे बघत राहिल्या. मग वहीत एक रेघ ओढली. "पोटातलं धरलं न्हाई हं. घर एकच लिवलंय," त्यांनी सत्यभामाबाईंना बजावलं आणि राधिकाचा दंड धरला. "चल. मी येते संगं."

बेरीज त्रेचाळीस आली. पुनमने फिरून तपासली. एकही घर खोटं निघालं नाही. इतक्या संशयी माणसांनी मोजलेलं, निघणार कुठून? पुढे पाइपाची चारी वस्तीनेच खणली, तेव्हा मिराबाई काठी घालून तिची खोली मोजत होत्या. राधिकाचं लेकरू जन्मलं, त्याच्या आठ दिवस आधी आमच्या संडासाला दार लागलं.

मित्रांनो, तोटी बंद करा, संडासात पाणी टाका, हे तुम्हाला कुठलीही जुनी वस्तू सांगेल. मी एवढंच जास्तीचं सांगते. संशय जरूर घ्या. पण तो दाराआड बसून घेऊ नका. उंबऱ्यावर या, ज्याचा संशय येतो त्याच्याच हातात वही द्या, आणि त्याला मोजू द्या.