तात्यासाहेबांचा वास

तात्यासाहेब वारले त्याला दोन वर्षं झाली होती, पण बजाजनगरच्या त्या घरात खालच्या मजल्यावर त्यांचा मुक्काम अजून पक्का होता. गडी बिनलग्नाचा राहिला, भावाच्या घरातल्या खालच्या दोन खोल्या धरून बसला आणि डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत विड्या ओढत राहिला. विडी नसली तर सिगारेट, सिगारेट नसली तर शेजाऱ्याची विडी. गेला तेव्हा त्याचे कपडे, चपला भावजयीनं वाटून टाकल्या. धूर मात्र कुणी नेला नाही. तो भिंतींत, दारांच्या चौकटींत, पंख्याच्या पात्यांवर आणि माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांत बसून राहिला.

ही भावजय म्हणजे घरमालकीण मनकर्णाबाई. वरच्या मजल्यावर त्या, मुलगा सोमनाथ आणि सून राहायचे. खालचं घर भाड्यानं जावं म्हणून त्यांनी काय काय करून पाहिलं! रंगाचा एक हात मारला, उदबत्त्यांचे पुडे जाळले, कुणी सांगितलं म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात लिंबंसुद्धा ठेवली. भाडेकरू यायचे आणि आठवड्यात नाक धरून जायचे. कंपनीतली एकटी पोरं, ज्यांच्या मोज्यांना कधी पाणी लागत नाही, तीसुद्धा इथं येऊन नाकानं कांदे सोलून गेली.

मग रूपा आणि अतुल हिवराळे आले. अतुल वाळूजच्या एका कारखान्यात होता, रूपा औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. राहायला तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती, पण रूपाला आईला गावाहून आणायचं होतं. आई, पारूबाई, अजिंठ्याजवळच्या एका खेड्यात एकटी. जन्मभर चुलीपुढं बसून बाईच्या छातीत दमा शिरला होता. चार पायऱ्या चढल्या की धाप, शेजारी कुणी विडी पेटवली की जीव घाबरा. मागच्या थंडीत ती चुलीशेजारीच बेशुद्ध पडली. शेजारीण दगडाबाई मीठ मागायला आली म्हणून वाचली. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला एकटं ठेवू नका आणि धुरात ठेवू नका. तेव्हापासून रूपाला गोड घास गोड लागत नव्हता.

तळमजल्यावरची घरं शहरात पुष्कळ होती. मालक आधी काम विचारायचे, मग गाव विचारायचे, मग अगदी सहज, पाणी हवं का विचारावं तसं, आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की घर कालच कुणाला तरी दिलेलं निघायचं. इतकी घरं नेमकी कालच जातात, हे या शहराचं एक नवलच आहे.

मनकर्णाबाईंनी आडनाव विचारलं नाही. त्यांना तेवढा धीरच नव्हता. कुलूप काढतानाच त्या म्हणाल्या, “हे बघा, आधीच सांगते, वास हाय. मागनं किरकिर नको. ऱ्हावून बघा, टिकला तर करार करू.”

रूपा आत गेली आणि तिचा घसा धरला. आईला इथं आणणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. पण दोन्ही खोल्यांना खिडक्या होत्या, दवाखाना रस्त्यापलीकडं होता आणि चढायला एक पायरी.

“काकू, वास मी काढते,” ती म्हणाली.

“काढ बाई. तू वास काढलास, तर घर तुझंच समज.”

सामान आलं त्या दिवशी अतुलनं ट्रंकेतून सगळ्यात आधी बाबासाहेबांची तसबीर काढली. त्यांच्या घरात पहिला खिळा तिच्यासाठीच ठोकला जायचा. रूपानं त्याचा हात धरला.

“इथं नका लावू. ह्या घाणीत बाबासाहेबांना टांगायचं व्हय? आधी भिंती धुते. जयंतीला लावू. आईबी तवर येईल.”

“पहिल्या दिवशी लावायची असती,” अतुल म्हणाला.

“मला कळतं कधी लावायची ते.”

तसबीर कोऱ्या टॉवेलात गुंडाळून परत ट्रंकेत गेली.

मग जे सुरू झालं त्याला सफाई म्हणायचं की कुस्ती, ते तुम्हीच ठरवा. रूपा कंपनीतली पाळी संपवून यायची, पदर खोचायची आणि गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिंतीला भिडायची. भिंतीवरून पिवळेतपकिरी ओघळ सुटायचे, कोऱ्या चहासारखे. बादलीमागून बादली ओतली तरी पाणी पिवळंच. पंख्याच्या पात्यांवरचा चिकटा तिनं सुरीनं खरवडला. विजेच्या बटणांच्या पाट्या काढून पुसल्या. खोल्याखोल्यांत कोळशाच्या पाट्या ठेवल्या, कुणी म्हणालं व्हिनेगर, तर व्हिनेगरही झालं. हातांची सालं निघाली. कंपनीत हातमोजे घालताना डोळ्यांत पाणी यायचं.

मनकर्णाबाई जिन्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या. “त्या कोपऱ्यात ऱ्हायलं बघ. तात्या तिथंच बसायचे.” पण बाई तशी गोड बोलायची. खाली यायची, रूपाच्या हातचा चहा प्यायची, तिच्या हातची जवसाची चटणी वाटी भरून वर न्यायची. “माझ्या सुनेला दाखव जरा, काम कशाला म्हणत्यात ते,” असं सुनेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची. रूपाला बरं वाटायचं. कौतुक कुणाला नको असतं?

भिंती वाळल्यावर अतुलनं सुट्टी काढून पांढरा रंग दिला, आणि आठवड्याच्या आत पांढऱ्यातून पिवळे डाग वर आले. पालथ्या घड्यावर पाणी. रूपा रडली नाही, सरळ औरंगपुऱ्यात जाऊन रंगवाल्याला विचारून आली. त्यानं सांगितलं, नुसता रंग चालायचा नाही, आधी डाग आत कोंडून ठेवणारा लाखेचा हात द्या. तो दिला, वर पुन्हा रंग दिला. भिंती टिकल्या. ऊन वाढलं तसा एका दुपारी तिनं खिडकीतला तात्यासाहेबांच्या वेळचा कूलर सुरू केला, आणि गार वाऱ्याबरोबर तात्यासाहेब जसेच्या तसे घरात आले.

तिनं कूलर बंद केला. मग त्याच्या जाळ्या उघडल्या. आतलं गवत काळं पडलं होतं. वर्षानुवर्षं त्यानं खोलीतला धूर पिऊन घेतला होता आणि ओलं झालं की तो परत सोडत होतं. तिनं गवत उपसून फेकलं, टाकी घासली, नवं गवत भरलं. कूलर लावला आणि समोर उभी राहिली. गवताचा वास आला, पाण्याचा आला. तिसरा कुठलाच आला नाही. ती एकटीच मोठ्यानं हसली.

जयंतीच्या आदल्या दिवशी पारूबाई आल्या. उंबऱ्यावर थबकून त्यांनी नाक वर करून हुंगलं, कारण पोरीनं फोनवर सगळं सांगितलं होतं. मग आत येऊन भिंतीवरून हात फिरवला. “लई केलंस गं,” एवढंच म्हणाल्या. त्या रात्री त्या एकदाही न खोकता झोपल्या. रूपा मात्र तो श्वास ऐकत जागी राहिली. इतकं सुख तिनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

सकाळी तसबीर लागली. शेजारी बुद्धांची मूर्ती, पुढं मेणबत्त्या, हार. रूपानं खीर केली आणि हौसेनं मनकर्णाबाईंना खाली बोलावलं.

त्या हसतच आल्या. “आता तर देवळासारखं वाटतंय गं! तात्या कुठं गेले कळंनासुदिक.” रूपानं वाटी हातात दिली. एक चमचा तोंडात गेला आणि नजर भिंतीवर गेली. त्या तसबिरीकडं पाहत राहिल्या, मग पारूबाईंकडं पाहिलं, मग पुन्हा तसबिरीकडं. तोंडातला घास गिळायला त्यांना वेळ लागला. वाटी त्यांनी खिडकीत ठेवली.

“उपास हाय माझा. ध्यानातच ऱ्हायलं नाय,” म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सोमनाथ दारात आला. चप्पल न काढता, उंबऱ्याबाहेरूनच बोलला. “माझी बहीण मोनिका येतीय पुण्याहून, कायमची. खालचं घर लागंल. महिनाअखेरपर्यंत बघा कुठं.” अतुल तापला, तक्रार करतो म्हणाला. सोमनाथ म्हणाला, करार दाखवा. करार कुठं होता? मनकर्णाबाई भाडेकरू टिकतायत का पाहत होत्या, आणि हे दोघं घर घासण्यात गुंतले होते.

रूपा वर गेली. मनकर्णाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. एरवी ‘ये, बस’ म्हणणाऱ्या बाईनं आज पाय हलवला नाही.

“काकू, मोनिकाताई खरंच येणार हायेत का?”

“येणार म्हंजे येणार. लेकीला माहेरात जागा नको व्हय?”

“वास काढलास तर घर तुझंच समज, म्हणला होतात तुमी.”

“बोलून जातं माणूस. तवा मला काय म्हाईत...” त्या थांबल्या. मग चिडूनच म्हणाल्या, “तुमी आधी सांगायला पायजे होतं.”

“तुमी इचारलं नाय. वास हाय म्हणालात, आमी वासासकट घर घेतलं. घाण होतं तवर आमी चाललो. साफ केलं तर चालंना?”

मनकर्णाबाईंनी दार लोटलं. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथं तर वैद्यानं वर खीरही खाऊ घातली होती.

रूपाला सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःचा. अतुलचं ऐकलं असतं, पहिल्याच दिवशी खिळा ठोकला असता, तर तिसऱ्या दिवशी बाहेर निघाले असते. हात शाबूत राहिले असते, आणि आईला आणून, एक सुखाची झोप दाखवून परत पाठवायची वेळ आली नसती. अतुलनं हे एकदाही बोलून दाखवलं नाही. त्यानं बोलावं, भांडावं, असं तिला वाटत राहिलं.

पुन्हा घरं पाहिली. ती पुन्हा कालच गेलेली होती. शेवटी मिळाली ती खोली तिसऱ्याच मजल्यावर. पारूबाई एक दिवस त्या जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत चढल्या, बसल्या आणि म्हणाल्या, “मला गावाकडं सोड. दगडाबाई हाय तिथं.” तिथं चूलही होती. ते दोघींपैकी कुणी बोललं नाही.

निघायच्या दिवशी टेम्पोत सामान चढलं. तसबीर रूपानं स्वतःच्या हातानं उतरवून टॉवेलात गुंडाळली आणि मांडीवर घेतली. पारूबाई बाहेर ओट्यावर पिशवी घेऊन बसल्या होत्या, बसस्टँडकडं जायच्या रिक्षाची वाट पाहत.

टेम्पो हललासुद्धा नव्हता. वरून सोमनाथची बायको उतरली, हातात धुपाटणं, त्यात गोवऱ्यांचा विस्तव. मागून तांब्या घेऊन मनकर्णाबाई. आत जाऊन त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यात गोमूत्र शिंपडलं आणि विस्तवावर मूठभर धूप टाकला. धुराचा लोट उठला, पांढऱ्या भिंतीला जाऊन चिकटला, छताशी पसरला आणि दारातून बाहेर ओट्यावर आला.

पारूबाईंना ठसका लागला. त्यांनी पदर नाकाला लावला, खोकत खोकत दाराकडं पाहिलं.

“त्या तात्यासाहेबाचा वास ऱ्हायलाच का गं अजून?”

“त्याचा नाय, आई,” रूपा म्हणाली. “आता आपला काढत्यात.”