पोटफुगी गिटार

"बाई, हिच्या दांडीला पडदेच नाहीत. गळून पडले की काय?" गुणवंतने ते फुगीर पोटाचं वाद्य उलटंपालटं करून पाहिलं.

"नसतातच. ही गिटार नाही. ऊद म्हणतात याला," नीलिमा म्हणाली.

"ऊद? देवापुढे घालतात तो?"

ती हसली. "नाव तेच. पण हा कुवेतचा."

ब्याण्णवचा मे महिना होता. शांती नगरमधल्या त्या गाळ्यात गुणवंत बारा वर्षं गिटारी दुरुस्त करत होता. बहुतेक उत्तनहून यायच्या, चर्चमध्ये वाजणाऱ्या. नीलिमा नर्स. कुवेतच्या इस्पितळात तिने नऊ वर्षं काढली होती. तिथल्या एका म्हातारीने तिला हा ऊद शिकवला आणि शेवटी देऊनच टाकला. नव्वद साली लढाई पेटली आणि सगळ्यांना भारतात पळून यावं लागलं. बाकीच्यांनी सोनं आणलं, टीव्ही आणले. ही मांडीवर ऊद घेऊन आली. आता त्याच्या अकरा तारांपैकी तीनच उरल्या होत्या आणि तसल्या तारा मुंबईत कुठेच मिळत नव्हत्या.

"गिटारच्या लावतो ना. तार ती तार."

"जपून हं. नाजूक आहे तो."

"टेन्शन नका घेऊ."

त्याने पोलादी तारा चढवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळा उघडला, तर तारांच्या ओढीने त्या अडकवायची घोडी उचकटून वर आली होती आणि पुढच्या पातळ फळीला बोटभर चीर गेली होती. सरस लावून वर रंगाचा हात फिरवला असता, तर कुणालाही कळलं नसतं. डब्यातला ब्रश त्याने उचललाही. मग परत ठेवला.

चार वाजता नीलिमा ड्यूटीवरून आली.

"चूक माझी आहे," तो उभा राहून म्हणाला. "तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही."

तिने चिरेवरून बोट फिरवलं.

"पळून येताना वाळवंटात सतरा दिवस होतो आम्ही तंबूत. तेव्हा ओरखडासुद्धा नव्हता आला याला."

गुणवंतने चष्मा नाकावर सरकवून चीर जवळून पाहिली.

"जोडता येईल?" तिने विचारलं.

"येईल. पण या वेळी तुम्ही इथे बसायचं. कुठली तार कितपत ताणायची, ते तुम्ही सांगायचं."

चीर आणि घोडी त्याने सरसाने जोडली. आठवडाभर ती रोज संध्याकाळी येऊन बसली. एकेका तारेचा सूर ती गुणगुणायची, तो तेवढीच खुंटी पिळायचा. या वेळी नायलॉनच्या, मऊ तारा. गिटारचे दोन सेट फोडले, बारातली एक तार उरली. लाकडी खुंट्या घसरत होत्या.

"गिटारच्या लोखंडी चाव्या बसवू? घट्ट राहतील."

"नको. डोकं जड होईल त्याचं."

त्याने मुकाट्याने खुंट्यांना खडू घासला. गिटारची नखी फार आखूड पडली, तेव्हा शांपूच्या रिकाम्या बाटलीतून लांब पट्टी कापून तिच्या हातात दिली.

शनिवारी तिने ऊद मांडीवर घेतला. एक तार छेडली, कान लावून ऐकली.

"आवाज पहिल्यासारखा नाही."

गुणवंतचा चेहरा उतरला.

"थोडा जाड आहे. मला शिकवणाऱ्या त्या म्हातारीचा बोलताना असायचा ना, अगदी तसा," ती म्हणाली आणि वाजवू लागली.

डोक्यावरचा पंखा खडखडत होता. गुणवंतने हळूच उठून तो बंद केला आणि परत स्टुलावर येऊन बसला. घाम चष्म्यावर ओघळत होता. त्याने तो पुसला नाही.