हेमचंद्रांच्या घराला एक शब्द

अमेरिकेतल्या शुगर लँड गावातल्या मराठी मंडळींत नवं घर दाखवायची एक रीत आहे. पाहुण्यांनी बूट गॅरेजमध्ये काढायचे आणि यजमानांच्या मागून प्रत्येक खोली, प्रत्येक कपाट, प्रत्येक बाथरूम बघत 'वा वा' म्हणत हिंडायचं. तोवर जेवण मिळत नाही.

२००५च्या त्या संध्याकाळी निवृत्त डॉक्टर शशिकांत 'वा वा' करून पार दमले होते. त्यांना शब्दांची मुळं खणायची खोड, आणि त्याहून वाईट खोड खरं बोलायची. पण आज यजमान हेमचंद्रांच्या मिहीरशी आपल्या आसावरीचं लग्न ठरायचं होतं. शुभाताईंनी नवऱ्याला गाडीतच बजावलं होतं, "आज तोंडाला कुलूप. पोरीचा जीव जडलाय तिथे."

दारातले सिमेंटचे सिंह झाले, दिवाणखान्यातलं कारंजं झालं, सोनेरी नळ झाले. डॉक्टरांनी सगळं गिळलं. शेवटी हेमचंद्रांनी जिन्यापाशी रिमोट दाबला आणि बैलगाडीच्या चाकाएवढं झुंबर रंग बदलत खाली उतरू लागलं.

"डॉक्टर, तुम्ही शब्दांतले दर्दी. या घराला एकच शब्द द्या!"

"भपका," डॉक्टर म्हणाले.

झालं! शुभाताईंनी दंडाला असा चिमटा काढला की विचारू नका. आसावरी रडवेली झाली.

"काका, व्हॉट डझ दॅट मीन?" मिहीरने विचारलं.

आता तरी गप्प बसावं की नाही? पण शब्दाचं कुणी विचारल्यावर गप्प बसतील ते शशिकांत कसले!

"आधी भपकन पेटणं, त्यावरून भपका, असं आपलं मला वाटतं. एकदम भडकतं, डोळे दिपवतं, आणि..."

झुंबर तळाशी आलं, सगळे रंग एकदम पेटले आणि घरभर अंधार झाला. कारंजंही गपगार.

पोरीचा संसार मांडायच्या आधीच आपण मोडला, या विचाराने डॉक्टरांना खरोखर रडू यायला लागलं.

तेवढ्यात अंधारात हेमचंद्रांच्या पत्नीला, पद्मिनीवहिनींना, हसू फुटलं. "अहो, वर्षभर हेच सांगतेय मी यांना! फक्त शब्द सापडत नव्हता."

मग हेमचंद्रांचा हात चाचपडत डॉक्टरांच्या खांद्यावर पडला.

"ब्रेकर गॅरेजमध्ये आहे, व्याहीबुवा. जरा टॉर्च धरायला चला."