डोहातल्या माशांची एकादशी

"मामा, तिथंच थांबा! हलू नका. मागं धबधबा काय आलाय!"

नानासो थांबले. सकाळपासूनचा हा अकरावा फोटो. पाठीवर खोळीत बांधलेला मृदंग, कपाळाला बुक्का, आणि तोंडावर जो भाव होता तो फोटोत न आलेलाच बरा.

"हसा की जरा."

"पाचला कीर्तन हाय, वीरा. तितं पोचलो म्हंजे हसतो."

वीरधवल हा त्यांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. सांगलीत विश्रामबागला ऑफिसात आठवडाभर बसायचा, आणि ते बसणं सुट्टीच्या दिवशी डोंगर तुडवून फेडायचा. मेढ्याच्या वरच्या अंगाला नदीची घळ जिथं संपते, तिथं संगमावर विठोबाचं जुनं देऊळ आहे. आज एकादशीला तिथं नानासोंची धाकटी लेक शिवांजली कीर्तनाला उभी राहणार होती. आयुष्यात पहिल्यांदा. तीन वर्षं ती एका कीर्तनकार बुवांकडं शिकत होती, आणि तीन वर्षं भावकी विचारत होती, पोरीच्या जातीला हे कशाला? ती सगळी भावकी आज पहिल्या रांगेत बसणार होती. "मृदंगावर मागं तुम्ही असा, आबा," एवढंच पोरीनं मागितलं होतं.

टाळकरी आणि पेटी घेऊन जीप सकाळीच गेली. जीपमध्ये नानासो मावत होते, मृदंग मावत नव्हता. "टपावर बांधू की," ड्रायव्हर म्हणाला. नानासोंनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू त्यानं पोटचं पोर टपावर बांधायला सांगितलंय. तेवढ्यात हा भाचा मध्ये बोलला, "मामा, आपण घळीतनं चालत जाऊ. सात किलोमीटर फक्त. निसर्ग बघत बघत तीन तासांत पोचू."

त्याला आता तीन तास होऊन गेले होते आणि निम्मी वाट पुढंच होती.

घळ देखणी होती, यात वाद नव्हता. काळा कातळ चिरून पाणी खाली गेलेलं, दोन्ही अंगांनी उंबर-जांभळी वाकलेल्या, दगडात रांजणासारखे गोल खळगे, आणि पाण्यावरनं सुळकन जाणारा निळा खंड्या. देवाच्या कारागिरीला नावं ठेवायची नानासोंची छाती नव्हती. पण देवानं ही घळ कोरली तेव्हा त्याला पाच वाजता कुठं पोचायचं नव्हतं.

डोहापाशी आल्यावर मात्र त्यांचीच जीभ सुटली. हयात कीर्तनकाराच्या मागं उभं राहण्यात गेलेली. सांगायला लागले की थांबायचं कुठं हे त्यांना समजत नसे. "हितला मासा कुनी धरत न्हाई, वीरा. देवाचे मासे हायती. लोक कणकेचे गोळे घालत्यात. मुक्या जिवाला घातलेला घास थेट देवाच्या मुखात पडतोय." यात चांगली वीस मिनिटं गेली. मग हात-पाय धुऊन दोन मिनिटं नाम घ्यावं म्हणून ते पिशवी आणि मृदंग भाच्याजवळ ठेवून खाली पाण्यावर उतरले.

वर आले तर वीरधवल काठावर मांडी घालून बसलेला, मांडीवर स्टीलचा डबा, शेजारी ओलं फडकं. डोहात शेपट्यांचा नुसता धिंगाणा.

"वीरा! डबा का उघडलास?"

"पुण्य केलं, मामा. संपली बघा सगळी. काय तुटून पडले!"

"आरं, ती कणीक माशांची व्हती व्हय?"

"मग कुणाची? आज एकादशी, तुम्ही खाणार नाही. बरोबर तवा नाही, लाटणं नाही. म्हटलं, मामींनी माशांसाठीच मळून दिली असणार. किती जपून फडक्यात बांधलेली!"

"मृदंगाची कणीक हाय ती, मृदंगाची! डाव्या तोंडाला थापायची असती. त्याबिगर नाद निघत न्हाई, नुसता पत्र्याचा डबा वाजतोय!"

वीरधवलचा चेहरा उतरला. "देवळात मिळेल की पीठ. स्वयंपाक असेलच."

"एकादशीचा सैपाक! भगर आन् साबुदाना. गहू बगायचा तर गाव दीड कोस वर, डोंगरात."

नानासोंच्या ओठावर एक शिवी आली. पण तिच्या आधी बुवांचं भूतदयेवरचं निरूपण आठवलं, ज्यावर ते स्वतः अनेकदा डोळे पुसत आले होते. पुण्य करणाऱ्याला शिव्या घालायच्या तरी कशा? पाण्यात जाडजूड तोंडं अजून आ वासून बघत होती. "एकादशीचं चापून जेवलासा की लेकांनो," ते माशांनाच म्हणाले, आणि मृदंग पाठीवर टाकून तरातरा निघाले.

बराच वेळ मागून फोटोचा आवाज आला नाही. मग हळूच, "मामा, काठाची चिकणमाती लावली तर?"

"देवाफुडं वाजनाऱ्या मृदंगाला चिखुल फासू? गप चल."

दहा पावलांवर नानासो स्वतःच वाकले, चिमूटभर माती बोटांत चोळून बघितली, आणि झटकून टाकली. नुसती वाळू होती.

देवळात पोचले तेव्हा पाचला दहा कमी. शिवांजली नऊवारीत, गळ्यात उपरणं, दारातच उभी. "आबा, केवढा उशीर! कणीक लावा, सूर जुळवून घेऊ."

नानासो खोळीची गाठ सोडत राहिले. वीरधवलच बोलला, "शिवा, कणीक मी माशांना घातली गं."

ती हसली नाही. ओठांवरनं जीभ फिरवून तिनं पहिल्या रांगेकडं बघितलं. तिथनं चुलते मानसिंग घड्याळ दाखवत म्हणाले, "काय नानासो, मृदंग भ्यालाय का पोरगी?"

देवळाच्या पायरीवर धोंडुबाई नावाची एक म्हातारी परातीत काही मांडत होती. वीरधवल तिच्याजवळ गेला. "आजी, हे कशाचे दिवे?"

"कणकेचे. दर एकादशीला पाच सोडते नदीत. ल्योक मिलिटरीत हाय माजा, बरफात."

वीरधवलनं वळून मामाकडं बघितलं. दिवे चांगले मुठीएवढे होते. नानासोंनी जोरात मान हलवली. "न्हाई, न्हाई! नवसाचं हाय ते. हात लावू नगंस."

"काय पायजे तुमाला?" म्हातारीनं विचारलं. वीरधवलनं सगळं सांगितलं, मासेसुद्धा. ऐकून ती शिवांजलीकडं डोळ्यांवर हात धरून बघत राहिली.

"ही पोर हुबी ऱ्हानार कीर्तनाला?"

"व्हय. माजी लेक," नानासो म्हणाले.

म्हातारीनं एक दिवा उचलला, वात उपसून काढली आणि दिवा मुठीत दाबून त्याचा गोळा केला. "घ्या. माज्या ल्योकाचं नाव घिऊन वाजवा म्हंजे झालं. हळद हाय हां त्यात."

नानासोंनी आधी तिच्या पायांना हात लावला, मग मृदंगाला. डावं तोंड पिवळंधमक झालं. पहिली थाप पडली आणि तिचा घुमारा घळीच्या कातळावर जाऊन परत आला. शिवांजलीच्या आवाजातला कंप दुसऱ्या ओळीला गेला.

निरूपणात ती भूतदयेवर आली आणि थांबली. "दृष्टांत लांबचा कशाला, मंडळी? आज आमच्या आत्याच्या मुलानं..." सगळं देऊळ हसलं. मानसिंगांनी पोटावर हात धरले, आणि हसू ओसरल्यावर शेजाऱ्याचे टाळ मागून घेतले.

वीरधवल पहिल्या रांगेत गुडघ्यांवर आला होता. डोळ्यांपुढं मोबाइल, आणि मोकळ्या हातानं खुणा, मामा, हसा की!

नानासोंच्या पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचे ठिपके उडाले होते. दोन्ही हात मृदंगात गुंतलेले होते, नाहीतर त्यांनी तो मोबाइल माशांनाच घातला असता. पण पोरीनं अभंग उचलला, त्यांची थाप समेवर आली, आणि हसू यायचं ते आलंच.